निवाऱ्याच्या भिंतीतली भोकं

१० बाय १० ची खोली घ्या. नऊ फूट उंच, चारही बाजूंनी काँक्रीट, वर स्लॅब, दाराला लोखंडी अडसर. बाहेर वादळ आलं म्हणून १० माणसं तिच्यात जाऊन बसली आणि दार लावून घेतलं. खोलीत हवा आहे साधारण साडेपंचवीस घनमीटर. स्वस्थ बसलेला माणूस तासाला १८ ते २० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. म्हणजे दर तासाला खोलीतलं त्याचं प्रमाण पाऊण टक्क्याच्या आसपास वाढत जाणार. तीन तासांत दोन टक्क्यांच्या पुढे जाऊन डोकी जड होतील. पाच तासांत ते साडेतीन टक्क्यांवर पोचलं की धाप लागलेली माणसं दाराकडे बघायला लागतील. त्यातही आधी असह्य होतो तो उकाडा. शांत बसलेलं एक माणूस १०० वॅट उष्णता बाहेर टाकतं. १० माणसं म्हणजे बंद खोलीत लावून ठेवलेला एक किलोवॉटचा हीटर. जूनच्या पहिल्या आठवड्यात, कोकणात.

वादळात लोक निवाऱ्यातून बाहेर का पडतात, याचं एक उत्तर या हिशेबात आहे. वारा जरा पडला, की दार उघडून माणसं ओट्यावर येतात. वादळाचा डोळा डोक्यावरून जात असेल, तर ती शांतता काही मिनिटांचीच असते आणि पुढचा वारा उलट्या दिशेनं येतो.

निवाऱ्याची गोष्ट निघाली की बोलणं भिंतीची जाडी, सळईचा व्यास, स्लॅबचा दर यांवर जातं. भिंतीला भोकं किती, कुठे आणि त्यांवर काय बसवायचं, हा प्रश्न शेवटी येतो. बहुतेक वेळा रंगकाम झाल्यावर. मग कुणीतरी बाजारात जाऊन दोन बाय दोनचे लूव्हर घेऊन येतं. तेही चौरस फुटाच्या भावानं.

पनवेलमध्ये हा बाजार भरपूर आहे. १८५२ साली नगरपालिका मिळालेलं हे गाव २०१६ मध्ये महानगरपालिका झालं आणि कळंबोली, कामोठे, खारघर, नवीन पनवेल अशा सिडकोच्या वसाहती त्याच्या हद्दीत आल्या. जिथे पाहावं तिथे बांधकाम, त्यामुळे ॲल्युमिनियमची कामं करणारे फॅब्रिकेटर गल्लोगल्ली. न्हाणीघराच्या काचेच्या सरकत्या पट्ट्या, मीटर रूमच्या आणि जनरेटरच्या खोलीच्या जाळ्या, इमारतीच्या दर्शनी बाजूला एसीचे डबे झाकणाऱ्या आडव्या पट्ट्या: सगळ्याला इथे 'लूव्हर' असं एकच नाव. गिऱ्हाइकाला विचारले जाणारे प्रश्नही ठरलेले. साइज काय, सेक्शन जाड हवा की पातळ, पावडर कोटिंग कुठल्या रंगाचं. पाणी किती अडेल, हवा किती येईल, उडत आलेला पत्रा आदळला तर काय होईल, हे ना विकणारा सांगतो, ना घेणारा विचारतो. ऐन पावसात मीटर रूमच्या जाळीतून पाणी आत आलं की तेवढ्यापुरती चर्चा होते आणि जाळीवर प्लॅस्टिकचा कागद लागतो.

आणि पनवेलला वादळाशी काय कर्तव्य, असं म्हणावं तर रायगड जिल्ह्याचं अलीकडचं सगळ्यात मोठं वादळ फार जुनं नाही.

३ जून २०२० रोजी दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर, झोत १३० पर्यंत. जिथून ते जमिनीवर आलं तिथपासून पनवेल सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आतच आहे. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा आणि पलीकडे दापोली, मंडणगड या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. कौलं गेली, पत्रे गेले, विजेचे खांब वाकले आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. ५ जूनला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी अलिबागला येऊन रायगडसाठी १०० कोटींची तातडीची मदत जाहीर केली. पुढचे काही महिने कोकणात एकच वस्तू मागितली जात होती: पत्रा. तुटवड्याच्या आणि चढ्या भावाच्या बातम्या रोजच्या झाल्या. पत्रे, अँगल, चॅनेल या मालाचा मोठा लोखंड बाजार पनवेलला खेटून कळंबोलीत आहे आणि गोव्याकडे जाणारा महामार्ग क्रमांक ६६ सुरू होतो तोही पनवेललाच. उडालेलं छप्पर परत उभं करायचा रस्ता इथूनच जातो.

त्या दिवशी निवाऱ्याला जी माणसं हलवली होती, ती बहुतेक शाळांत, समाजमंदिरांत, जवळच्या पक्क्या इमारतींत होती. जी हलली नाहीत, त्यांनी घरातल्या घरात जागा शोधली. कोकणातल्या जुन्या घराला त्यासाठी माजघर होतं: मधोमध, चारही बाजूंना खोल्या, बाहेरच्या भिंतीशी संबंध नाही, उजेड जेमतेम. नव्या घरात माजघर राहिलेलं नाही, पण मागच्या बाजूला न्हाणीघर आणि संडास यांवर स्लॅबचा तुकडा असतो. घर कौलारू आणि संडास पक्का, अशी घरं रायगडात हजारोंनी आहेत. वादळात माणसं त्या तुकड्याखाली जातात आणि ते बरोबरच आहे. चार इंची काँक्रीटचा स्लॅब चौरस मीटरला अडीचशे किलो भरतो, पत्रा पाच किलो. वाऱ्याला पत्रा उचलायला कष्ट पडत नाहीत. मात्र त्या न्हाणीघराला हमखास एक खिडकी असते, दीड बाय दोनची, काचेच्या पट्ट्यांची. निवाऱ्याच्या खोलीला याहून वाईट झडप शोधून सापडणार नाही. प्रत्येक पट्टी दोन बाजूंना पत्र्याच्या पातळ खाचेत नुसती सरकवलेली. काठीनं ढोसली तरी निघते. वादळात ती आत येते तीच तुकडे होऊन.

२०२० च्या त्या जूनमध्ये आणखी एक गोष्ट होती, जिच्यामुळे हवेचा प्रश्न एरवीपेक्षा उघडा पडला. करोनाची टाळेबंदी नुकती सैल होत होती. एका खोलीत माणसं कोंबायची नाहीत, दारं-खिडक्या उघड्या ठेवायच्या, असं प्रशासनच दोन महिने सांगत होतं. आणि त्याच प्रशासनाला आता लोकांना एका छपराखाली आणून दारं-खिडक्या बंद करायला सांगावं लागलं. दोन आठवड्यांपूर्वी, २० मे रोजी, अम्फानच्या वेळी ओडिशा आणि पश्चिम बंगालपुढे हाच पेच होता. ओडिशाकडे निदान निवारे होते. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर त्या राज्यानं स्वतंत्र आपत्ती निवारण प्राधिकरण उभारलं आणि किनाऱ्यावर शेकडो निवारे बांधले: खांबांवर उचललेले, रॅम्प असलेले, एरवी शाळा म्हणून वापरात असणारे. मे २०१९ मध्ये फनी आलं तेव्हा तिथे १२ लाखांवर माणसं हलवली गेली. महाराष्ट्राचा या वाटेवरचा प्रवास उशिराचा. जागतिक बँकेच्या मदतीच्या राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पाचा दुसरा टप्पा केंद्रानं २०१५ मध्ये मंजूर केला, त्यात महाराष्ट्र आला. निवारा केंद्रं, भूमिगत वीजवाहिन्या, खारबंधारे अशी कामं त्यात होती.

उशिराला कारणही होतं. अरबी समुद्र हा शांत समुद्र, वादळं बंगालच्या उपसागरात होतात, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. ती अगदीच खोटी नव्हती. जून महिन्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर असं वादळ १८९१ नंतर आलं नव्हतं, असं निसर्गच्या वेळी सांगितलं गेलं. पण नोव्हेंबर २००९ मध्ये फयान येऊन गेलं होतं. २०१९ च्या ऐन दिवाळीत क्यार कोकण किनाऱ्यासमोर फुगलं आणि सुदैवानं ओमानकडे वळलं. मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला समांतर वर सरकलं. मुंबईत कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला आणि बॉम्बे हायजवळ पी-३०५ हा तराफा बुडाला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी दोन कालखंडांची तुलना केली, तेव्हा १९८२ ते २००० च्या मानानं २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढलेली निघाली.

नियमपुस्तक मात्र अजून जुन्या समजुतीतच आहे. वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक आयएस ८७५, भाग ३. २०१५ च्या आवृत्तीत चक्रीवादळी पट्ट्यासाठी एक गुणक दिला आहे. रुग्णालय, निवारा अशा वादळानंतरही उभ्या राहायलाच हव्यात अशा इमारतींना १.३०, कारखान्यांना १.१५, बाकी सगळ्यांना १. हा गुणक कुठे लावायचा? पूर्व किनारा आणि गुजरातचा किनारा, समुद्रापासून ६० किलोमीटर रुंद पट्टा. कोकण त्यात नाही. असता, तर पनवेल त्या ६० किलोमीटरांत आरामात बसलं असतं. १.३० हा आकडा लहान दिसतो, पण तो वेगाला लागतो आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणजे दाब जवळजवळ १.७ पट. मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ११८ किलो. गुणक लावला की तोच २०० किलो.

इथे एक प्रामाणिक हरकत घेता येते. ४४ मीटर म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. निसर्गचा झोत १३० च्या घरात होता. म्हणजे गुणक न लावता, पण मानकाप्रमाणे बांधलेलं घर निसर्गमध्ये टिकायलाच हवं होतं. खरं आहे. जी घरं गेली ती नियमाचा आकडा कमी पडला म्हणून गेली नाहीत, त्यांना कुठलाच आकडा लागलेला नव्हता म्हणून गेली. तरीही निवाऱ्याची एक खोली बांधताना १.३० धरावा, असंच कोणीही शहाणा अभियंता सांगेल. एका खोलीत त्यामुळे वाढणारं लोखंड आणि अँकर यांचा खर्च किरकोळ आहे.

आता भोकांकडे. भिंतीला भोक पाडलं की वारा आत शिरून छप्पर उडवेल, ही भीती बरोबर आहे आणि चुकीचीही. त्याच मानकात आतल्या दाबाचा हिशेब आहे. भिंतीतली उघडी जागा ५ टक्क्यांच्या आत असेल, तर आतला दाब बाहेरच्या मूळ दाबाच्या ०.२ पट धरतात. ५ ते २० टक्के असेल तर ०.५ पट, त्याहून जास्त असेल तर ०.७ पट. वाऱ्याच्या बाजूचं दार तुटलं की घर पहिल्या गटातून थेट शेवटच्या गटात जातं. निसर्गच्या १३० किलोमीटरच्या झोताला हा फरक चौरस मीटरला ४० किलोचा होतो. ५०० चौरस फुटांच्या छपरावर एकाएकी जवळजवळ १९०० किलोचा जादा रेटा, तोही खालून वर. पत्र्यांची घरं एका झटक्यात मोकळी होतात ती अशी. पण १० बाय १० च्या खोलीच्या भिंती ३६० चौरस फूट भरतात. त्यांचे ५ टक्के म्हणजे १८ चौरस फूट. हवेसाठी लागणारी भोकं याच्या जवळपासही जात नाहीत. आत दाब येऊ नये म्हणून भोकं टाळण्यात अर्थ नाही. दाब 'समान' करायला खिडक्या उघडून ठेवाव्यात, हा जुना अमेरिकी सल्लाही तिथेच मोडीत निघाला आहे. खरा धोका दाराचा. आणि भोकांतून आत येणाऱ्या वस्तूंचा.

त्या वस्तूंचा अभ्यास अमेरिकेत झाला. टेक्सासमधल्या लबक शहरावर ११ मे १९७० रोजी टोर्नेडो आला, २६ माणसं गेली. मोडलेल्या घरांमधून फिरताना तिथल्या टेक्सास टेक विद्यापीठाच्या अभियंत्यांना दिसलं, की अख्खं घर गेलं तरी मधली एखादी छोटी खोली, कपाट, न्हाणीघर उभं आहे. घरातली सुरक्षित खोली ही कल्पना त्यातून आली. त्याच विद्यापीठात हवेच्या दाबावर चालणारी तोफ उभी राहिली, जिच्यातून लाकडाचा वासा भिंतींवर आणि दारांवर मारून पाहतात. तिथल्या संघीय आपत्ती संस्थेनं, म्हणजे फेमानं, घरगुती खोलीसाठीची पुस्तिका १९९८ मध्ये काढली आणि सार्वजनिक निवाऱ्यांसाठीची २००० मध्ये. टोर्नेडोच्या सगळ्यात कडक विभागात दोन बाय चारचा १५ पौंडी वासा ताशी १०० मैलांनी भिंतीवर मारतात. तो आरपार जाता कामा नये. भिंतीतल्या हवेच्या जाळीलाही हीच परीक्षा. मे २०१३ मध्ये ओक्लाहोमातल्या मूर गावी शाळेवर टोर्नेडो येऊन सात मुलं गेली. त्या शाळेत अशी खोली नव्हती. त्यानंतर तिथे शाळा-शाळांमध्ये असे निवारे बांधण्याची मागणी जोर धरू लागली.

अमेरिकेची नक्कल इथे चालणार नाही, पण त्यांचा एक भेद जसाच्या तसा घेण्यासारखा आहे. टोर्नेडोच्या निवाऱ्यात माणूस दोन तास राहील असं ते धरतात आणि माणशी ५ चौरस फूट जागा देतात. समुद्री वादळाच्या निवाऱ्यात २४ तास धरतात, माणशी २० चौरस फूट. आपली वादळं दुसऱ्या प्रकारची. सुरुवातीची ती १० बाय १० ची खोली या हिशेबानं फक्त पाच जणांची आहे. आपण तिच्यात १० बसवणार, कदाचित १५. जागा कमी पडते ती हवेतून भरून काढायला हवी.

हवा किती, याचं गणित सोपं असून चकवणारं आहे. १० माणसांच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड अर्ध्या टक्क्याच्या आत ठेवायला तासाला ४० घनमीटर बाहेरची हवा पुरते. मंद झुळूक धरली, तरी त्यासाठी खाली ३०-३५ चौरस इंच आणि वर तेवढंच भोक लागतं. एवढंसं. पण हेच गणित उष्णतेसाठी मांडलं, तर उकाडा सुसह्य ठेवायला काही पट जास्त हवा लागते. म्हणजे एकाच मापाच्या भोकानं दोन्ही कामं करायची नाहीत. काही छोटी भोकं अशी हवीत, जी कुणालाही, कधीही बंद करता येणार नाहीत. आणि मोठी झरोक्यासारखी एक-दोन अशी हवीत, जी वादळ भरात असताना दोन-तीन तास आतून लोखंडी झडपेनं बंद करता येतील आणि आधी-नंतरच्या लांबलचक तासांत उघडी राहतील. निसर्ग किनारा चढायला दोन तास लागले. लोक मात्र आदल्या संध्याकाळपासून आत होते.

छोट्या भोकांसाठी लूव्हर लागतच नाही. फेमाच्या आणि अमेरिकी मानकाच्या नियमात साधारण दोन इंच व्यासाच्या गोल भोकाला स्वतंत्र संरक्षण मागितलेलं नाही, कारण त्यांचा वासा त्यातून जात नाही. दोन इंची जीआय पाइपाचे नऊ इंच लांब तुकडे, शटरिंग लावतानाच सळयांच्या मधल्या चौकटीत बसवायचे. बाहेरच्या बाजूला किंचित उतार, टोकाला खाली वळलेला लोखंडी एल्बो, आतून खिळखिळी न होणारी जाड जाळी. प्रत्येकाचं क्षेत्रफळ तीन चौरस इंचांच्या थोडं वर. १० खाली, १० वर. सळई कापावी लागत नाही, नंतर कोअर मारावा लागत नाही, खर्च किरकोळ. एवढ्यावर १० माणसं श्वास घेऊ शकतात. प्लॅस्टिकचा एल्बो लावू नये. पहिला नारळ त्याच्यावरच पडतो.

मोठ्या झरोक्याला मात्र लूव्हर लागतो आणि इथे बाजारात डोळे उघडे ठेवावे लागतात.

पहिली गोष्ट, पाऊस. साध्या लूव्हरच्या पट्ट्या ४५ अंशांत खाली कललेल्या असतात आणि त्या वरून पडणाऱ्या पावसासाठी आहेत. ताशी ११० किलोमीटरच्या वाऱ्यात थेंब खाली जेवढा येतो त्याच्या चौपट आडवा जातो. शिवाय भिंतीवर आदळलेला वारा वरच्या भागात वर चढतो, त्याच्याबरोबर पाणीही चढतं. पट्टीच्या खालून. लूव्हर हातात घेऊन पट्टीची पुढची कड बघावी. नुसती वाकवलेली पट्टी असेल, तर पाणी तिच्या पाठीवरून सरळ आत ओघळेल. कडेला पन्हळीसारखी खाच असेल, ती दोन्ही बाजूंच्या उभ्या चौकटीत उतरत असेल आणि चौकटीच्या तळाला पाणी बाहेर काढणारी भोकं असतील, तर तो पावसाचा विचार करून केलेला माल आहे. त्याहून चांगला म्हणजे उभ्या पट्ट्यांचा, इंग्रजी झेडसारखा दोनदा वळलेला. हवेला दोनदा वळावं लागतं आणि वळताना जड थेंब पट्टीवर आपटून खाली गळतात. हवा थोडी कमी येते. चालेल.

दुसरी गोष्ट, प्रमाणपत्र. मोठ्या कंपन्यांच्या पत्रकात 'क्लास ए' लिहिलेलं असतं. युरोपी चाचणीत एक मीटर बाय एक मीटरच्या नमुन्यावर सेकंदाला १३ मीटर वारा आणि तासाला ७५ मिलिमीटर पाऊस सोडतात. ९९ टक्के पाणी अडलं की ए. १३ मीटर म्हणजे ताशी ४७ किलोमीटर. पनवेलच्या जुलैला हे पुरतं, वादळाला नाही. अमेरिकेच्या एअर मूव्हमेंट अँड कंट्रोल असोसिएशनच्या, म्हणजे अ‍ॅम्काच्या, चाचण्या आहेत त्यांत ५५० क्रमांकाची चाचणी ताशी ११० मैलांपर्यंतच्या वाऱ्यात पाणी बघते आणि ५४० क्रमांकाची आघात बघते. त्या आघाताच्या चाचणीमागे अनुभव आहे तो १९९२ च्या अँड्र्यू वादळाचा. त्यानंतर मायामीत खिडक्या-दारांवर नऊ पौंडी वासा सेकंदाला ५० फुटांच्या वेगानं मारून पाहायचा नियम आला. ५४० मध्येही दोन पायऱ्या आहेत, साधी आणि वरची. निवाऱ्यासाठी वरचीच. असा लूव्हर बाहेरून मागवावा लागतो, महाग पडतो आणि खरं सांगायचं तर ग्रामपंचायतीच्या निवाऱ्याला त्याची गरज नाही. का, ते पुढे.

तिसरी गोष्ट, खरी मोकळी जागा. दोन बाय दोनचा लूव्हर म्हणजे चार चौरस फूट हवा, असं नसतं. पट्ट्या आणि चौकट वजा जाता त्यातली निम्मीसुद्धा राहत नाही. मागे डासांची बारीक जाळी मारली की त्यातूनही बरीच जाते. आणि ती जाळी दोन वर्षांत धूळ, जळमटं, खारी हवा यांनी भरली की उरतं ते शोभेचं भोक. डासांची जाळी हवीच असेल, तर काढून धुता येणाऱ्या वेगळ्या चौकटीत लावावी.

चौथी, पकड. १.३० चा गुणक लावून दोन बाय दोनच्या चौकटीवर ७५ किलोचा दाब येतो. भिंतीच्या कोपऱ्याजवळ वारा उलटा ओढतो, तिथे याहून जास्त. एवढा भार घेणारी चौकट आपल्याकडे कशावर असते? प्लॅस्टिकच्या गिट्टीतल्या चार स्क्रूंवर आणि सभोवती मारलेल्या सिलिकॉनवर. ॲल्युमिनियमची चौकट आणि साधा जस्त चढवलेला स्क्रू यांचं खाऱ्या हवेत फार काळ जमत नाही. स्क्रूचं डोकं आधी गळतं. निवाऱ्यासाठी चौकट भिंत ओततानाच होल्डफास्टनं बसवावी, निदान काँक्रीटमध्ये स्टीलचे अँकर बोल्ट घ्यावेत, किनाऱ्याजवळ ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे.

आता बाहेरून मागवलेल्या महागड्या लूव्हरची गरज का नाही, ते. अमेरिकी कंपन्या लूव्हरनंच आघात अडवू पाहतात, कारण त्यांच्या इमारतीत भिंत पातळ असते आणि जागा महाग. आपल्याकडे वीट, चिरा आणि गवंडी यांची वानवा नाही. झरोक्याच्या बाहेर दोन फुटांवर झरोक्यापेक्षा दोन्ही बाजूंना फूट-दीड फूट जास्त रुंद अशी सहा इंची काँक्रीटची आडभिंत उभी केली आणि तिच्यावर स्लॅबचा पट्टा ओढला, तर उडत आलेल्या कुठल्याही वस्तूला सरळ रेषेत आत जाता येत नाही. हवा वळसा घेऊन येते. आडव्या पावसाचा पहिला मारा आडभिंत घेते आणि उरलेल्या पाण्यासाठी कळंबोलीच्या पत्र्यातून इथल्याच फॅब्रिकेटरनं वळवलेला, गॅल्व्हनाइज केलेला दोनदा वळणाचा लूव्हर पुरतो. लूव्हरवर होणारा खर्च निम्म्यानं कमी करून तो आडभिंतीत घालावा.

उडणाऱ्या वस्तूंची आपली यादीही वेगळी आहे. तिथे वासा, इथे पत्रा, झावळ, शहाळं, मंगळोरी कौल, वाड्यांमधल्या सुपारीची खोडं. आणि दगड. पत्रे उडू नयेत म्हणून त्यांच्यावर विटा, चिरे, जुने टायर ठेवायची पद्धत पनवेलच्या झोपडपट्टीपासून श्रीवर्धनपर्यंत सगळीकडे आहे. टायर बरा. पत्रा उचलला गेला की त्याच्यावरचा चिरा कुठे जाईल हे सांगता येत नाही.

हवेचा विचार न करता दिलेला निवारा कसा असतो, ते रायगडानं वेगळ्या निमित्तानं पाहिलं आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाचलेल्या कुटुंबांना चौकजवळ लोखंडी कंटेनरांत ठेवलं गेलं. पुढे सिडकोनं त्यांच्यासाठी घरं बांधली. कंटेनर पावसापासून आणि वाऱ्यापासून चोख वाचवतो. कोकणातल्या एप्रिल-मेच्या दुपारी त्याच्यात बसून दाखवणं ही दुसरी गोष्ट.

जागेचा प्रश्न राहतो. खालची भोकं जमिनीपासून एक फुटावर असावीत, असं हवेचं शास्त्र सांगतं. पनवेलचं पाणी ते ऐकत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पनवेल आणि कळंबोलीही पाण्याखाली होती. गाढी नदीच्या काठच्या किंवा सखल सेक्टरमधल्या इमारतीत तळमजल्याची खोली निवारा म्हणून धरूच नये. पहिल्या मजल्यावरची घ्यावी, नाहीतर खालची भोकं माहीत असलेल्या पूररेषेच्या वर काढावीत आणि वर-खाली अंतर कमी झालं म्हणून संख्या वाढवावी. समोरासमोरच्या दोन भिंतींत भोकं असली, की वारा कुठूनही आला तरी एक बाजू आत घेते, दुसरी बाहेर सोडते. शेजारी जनरेटर असेल तर त्याच्या बाजूच्या भिंतीला एकही भोक नको. वीज गेल्यावर पहिल्यांदा तोच चालू होतो आणि त्याचा धूर आत आला तर निवाऱ्यातलं कुणीही बोलायला राहत नाही. गॅसची शेगडी, रॉकेलचा स्टोव्ह यांनाही आत जागा नाही. चहा बाहेरून थर्मासमध्ये.

उंच इमारतीत राहणाऱ्या पनवेलकराला वेगळी खोली बांधायची गरज नाही. त्याच्याकडे जिन्याजवळचा आतला पॅसेज आहे, चार काँक्रीटच्या भिंतींमधला. त्यानं फक्त न्हाणीघराच्या काचेच्या पट्ट्या काढून तिथे न हलणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बसवाव्यात आणि वादळाच्या दिवशी सरकत्या खिडक्यांपासून लांब झोपावं.

खरी गरज आहे ती जिल्हा परिषदेच्या शाळेची. निसर्गमध्ये कितीतरी शाळांचे पत्रे गेले आणि कितीतरी शाळांमध्येच लोकांना ठेवलं होतं. नवी इमारत मिळेल तेव्हा मिळेल. असलेल्या इमारतीतली एक खोली स्लॅबची करून तिला आडभिंत घालणं कोणत्याही ग्रामपंचायतीच्या आवाक्यातलं काम आहे. अडतं ते अंदाजपत्रकात. तिथे सहसा 'व्हेंटिलेटर, इतके चौरस मीटर, इतका दर' एवढीच ओळ असते आणि कंत्राटदार स्वस्तातला माल लावून मोकळा होतो. त्या ओळीत चारच गोष्टी जास्त लिहाव्या लागतील: चौकटीचं नव्हे, मोकळ्या जागेचं माप, पट्टीची जाडी आणि वळणं, अँकरची जात आणि संख्या, आणि ताब्यात घेण्याआधी पाण्याची परीक्षा. परीक्षेला प्रयोगशाळा लागत नाही. अग्निशमन दलाचा किंवा निदान टँकरचा पाइप समोरून १० मिनिटं मारायचा आणि आत किती बादल्या पाणी आलं ते मोजायचं. नंतर दार लावून खालच्या भोकाशी उदबत्ती धरायची. धूर आत ओढला जातो का, वरच्या भोकातून बाहेर जातो का, ते शाळेच्या पोरांनासुद्धा बघता येईल.

दर वर्षी मे महिन्यात आणखी एक काम. दोन इंची पाइप कुंभारमाशीला फार आवडतात. ती आत मातीची घरटी बांधते आणि वर्षभरात अर्धी भोकं बंद होतात. झरोक्यावर कबुतरं असतात. आणि सगळ्यात चिवट अडथळा माणसांचा: डिसेंबरच्या थंडीत गार वारा येतो म्हणून कुणीतरी पाइपात कापडाचा बोळा, गोणपाट, वर्तमानपत्र कोंबलेलं असतं. एक सळई घेऊन वीसच्या वीस पाइप आरपार टोचून बघायला अर्धा तास लागतो. झडपेच्या बिजागरीला ग्रीस, जाळी धुऊन परत, बोल्ट पान्यानं तपासून. शाळांना सुट्टी असते, खोली रिकामी असते आणि पाऊस अजून आलेला नसतो.